महिना पुरत नाही, कारण खर्च वर्षाचा असतो

ताई, तुम्ही सगळं मोकळेपणानं लिहिलंत, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. अमळनेरला स्वतःचं जुनं घर, मिस्टरांचा खाजगी नोकरीतला पगार २६,०००, तुमच्या शिलाईचे सरासरी चारेक हजार, दोन मुलं शाळेत, सासूबाई सोबत, मोटारसायकलचा हप्ता २,८००. हॉटेल नाही, फिरणं नाही, साडी घ्यायची ती सणालाच. तरी वीस तारीख उलटली की हात रिकामा, आणि दर उन्हाळ्यात कुणाकडे तरी हात पसरायची वेळ येते. रोजच्या कोणत्या सवयी लावल्या तर पैसे उरतील, असं तुम्ही विचारलंय. चहा कमी करू का, साबण-पावडर स्वस्तातली आणू का, मुलांची कचोरी बंद करू का, हेही विचारलंय.

कचोरी राहू द्या. तुमच्या घरातली गळती तिथे नाही.

मी महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांमध्ये बरीच वर्षं सहयोगिनी, म्हणजे गटांना मदत करणारी कार्यकर्ती होते, चोपडा-यावल-अमळनेर या भागात. बैठक संपली की दोन-चार जणी मागे थांबायच्या आणि घरचा हिशेब काढायच्या. सुरुवात बहुतेक एकच असायची: "ताई, पैसा येस, पन ऱ्हास नही." वह्या बघितल्या तर किराणा ठीक, भाजी ठीक, उधळपट्टी म्हणावी असं काही नाही. गोंधळ दुसरीकडे असायचा. पगार महिन्याचा, पण घराचा खर्च वर्षाचा. आपल्याकडे सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) आखाजीपर्यंत ठरायचं, ते उगीच नाही. खान्देशातलं घर अजूनही त्याच चक्रावर चालतं, नोकरी शेतीतली नसली तरी.

एक कागद घ्या आणि तुमचं वर्ष त्यावर मांडा. मी इथे अंदाजाचे आकडे घालते, तुम्ही तुमचे घाला. मार्च-एप्रिलमध्ये वर्षाचं धान्य भरायचं: गहू, दादर ज्वारी, तूरडाळ मिळून १३,०००. मिरची, हळद, मसाला आणि वाळवणाचं सामान ३,०००. मार्चअखेर घरपट्टी-पाणीपट्टी ३,०००. आखाजीला नणंद येणार, तिचं लुगडं-चोळी, मुलांचे कपडे, पुरणपोळी-आमरस, ५,०००. लग्नसराईचे आहेर आणि जाणं-येणं ६,०००. जूनमध्ये शाळेची फी, वह्या, गणवेश, दप्तर, १२,०००. पुढे दिवाळी ८,०००, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ४,०००, सासूबाईंच्या तपासण्या आणि औषधं वर्षभरात ६,०००.

बेरीज ६०,००० होते. पण मला तुम्हाला बेरीज दाखवायची नाही, तिची वाटणी दाखवायची आहे. त्यातले ४२,००० एकट्या मार्च ते जून या चार महिन्यांत पडतात. तीस हजार येणाऱ्या घरात, रोजचं जेवणखाण, गॅस, वीज, हप्ता सांभाळून, चार महिन्यांत वरचे ४२,००० कुठून यायचे? मग जूनमध्ये फीसाठी कर्ज निघतं. ते फेडता फेडता दिवाळी येते, दिवाळीत दुकानाचं खातं वाढतं, आणि कर्ज संपतं न संपतं तोच पुढचा मार्च. म्हणजे तुमचे यंदाचे महिने मागच्या वर्षीचा जून फेडत बसतात. वीस तारखेला हात रिकामा होतो तो यामुळे. याला उधळेपणा म्हणायचं कारण नाही.

आता ६०,००० भागिले १२, म्हणजे महिन्याला ५,०००. हे पैसे तुम्ही आजही खर्चताच आहात, फक्त नंतर आणि व्याजासकट. म्हणून पहिली सवय ही: शिलाईचे पैसे घरखर्चात घालायचेच नाहीत. ते पूर्ण या वर्षाच्या खात्यात, आणि पगारातून एक हजार पगाराच्या दिवशीच तिकडे. उरलेल्या पंचवीस हजारांत महिना बसवायचा. शिलाईचंच का, तर तुमचं काम दिवाळीआधी आणि लग्नसराईत जास्त येत असणार, आणि नेमका तेव्हाच मोठा खर्च असतो. एखाद्या महिन्यात दोनच हजार आले तर दोनच टाका, चैत्र-वैशाखात सहा आले तर सहा टाका. पगार मात्र ठरलेला आहे, म्हणून रोजचा खर्च पगारावर.

हे जुलैत सुरू केलंत तर गणित अगदी जेमतेम जुळतं: जुलै ते फेब्रुवारी ४०,००० जमतात, दिवाळी, गाडी आणि तोपर्यंतची आठ महिन्यांची औषधं जाऊन २४,००० राहतात, आणि त्यात पुढच्या चार महिन्यांचे २०,००० मिळाले की उन्हाळा निघतो. जानेवारीत सुरू केलंत तर यंदाचा उन्हाळा पूर्ण निघणार नाही. थोडं कर्ज होईलच, पण मागच्यापेक्षा कमी. हे आधी माहीत असलं की माणूस मध्येच सोडून देत नाही.

हे सगळं परिस्थितीवर आहे, तेही सांगते. घर भाड्याचं असतं तर तीस हजारांत ५,००० बाजूला काढा असं मी म्हटलं नसतं. तेव्हा कागदावरचा खर्चच कमी करावा लागतो, धान्य वर्षाऐवजी तीन-तीन महिन्यांचं घ्यावं लागतं. घर शेतीवर असेल तर सगळं उलटं: कापसाचे पैसे दसरा-दिवाळीपासून पुढे एकदम येतात, तिथे आलेल्या रकमेचे बारा भाग पाडायचे असतात. मजुरीचं घर असेल तर आठवड्याचा हिशेब धरावा लागतो. आणि कुणाचं आजारपण चालू असेल तर आधी ते.

आता पैसे ठेवायचे कुठे. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे चांगल्या चांगल्या घरांचे पैसे गेलेले पाहिलेत.

डब्यात नको. तुमचा संयम कमी आहे म्हणून नाही, तर डब्यातला पैसा घरातल्या सगळ्यांना माहीत असतो. बँकेत साधं बचत खातं वेगळं उघडा आणि त्याला फोनवरचं पेमेंट जोडू नका, एटीएम कार्डही घेऊ नका. पैसे काढायला बँकेत जाऊन स्लिप भरावी लागली पाहिजे, एवढा अडथळा पुरतो. आरडी, म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम भरायची ठेव, चांगली, पण तिची मुदत बघा. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांआधी मोडता येत नाही. ती मुलीच्या कॉलेजसाठी ठीक, जूनच्या फीसाठी नाही. बँकेत सहा महिन्यांपासून पुढे मुदत मिळते. ऑगस्टमध्ये दरमहा हजाराची सात महिन्यांची आरडी काढली तर ती मार्चमध्ये, धान्याच्या वेळेला हातात येते. बाकीचे चार हजार साध्या खात्यात, म्हणजे दिवाळीला अडणार नाही.

पतसंस्था टक्का-दीड टक्का जास्त देते म्हणून तिकडे जाऊ नका. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२० पूर्वी ते १ लाख होतं. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. जळगाव जिल्ह्यात पतसंस्था अडचणीत आल्यावर ठेवीदारांनी किती वर्षं खेटे घातले, हे तुमच्या ओळखीतल्या एखाद्या घरात विचारा, सांगतील. सगळ्या वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण ५०,००० वर दीड टक्का म्हणजे वर्षाचे ७५० रुपये, आणि तेवढ्यासाठी झोप उडवून घ्यायची नाही.

भिशीबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. बँकवाले नाक मुरडतात, पण गल्लीतली दहा-बारा जणींची भिशी पुष्कळदा टिकते, कारण हप्ता चुकवला तर नाकं मुरडणाऱ्या शेजारणी असतात. तिला व्याज नाही आणि कायद्याचा आधारही नाही, म्हणून रक्कम लहान आणि माणसं समोरची हवीत. तुमचा नंबर मार्चमध्ये किंवा जूनमध्ये लागेल असं आधी बोलून घ्या. फोनवरून अनोळखी लोकांच्या भिशीत मात्र एक रुपयाही घालू नका.

सोनं. जळगावचं सोनं आपल्या रक्तात आहे, त्यामुळे दिवाळी आली की "दोन ग्रॅमची अंगठी करून ठेवू, बचतच आहे" असं निघतं. मुलीच्या लग्नासाठी जरूर घ्या, हॉलमार्क आणि दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक (एचयूआयडी) बघून घ्या. पण वर्षाच्या खर्चाचे पैसे सोन्यात नको. घेताना मजुरी आणि ३ टक्के जीएसटी भरता, मोडताना दोन्ही परत येत नाहीत, आणि जूनमध्ये भाव उतरलेला असला तरी फी भरायचीच असते.

एवढं केल्यावर रोजच्या सवयींकडे येऊ. रोजचा प्रत्येक रुपया जन्मभर लिहा असं मी कुणालाच सांगत नाही. पहिल्या दहा दिवसांत वही भरते, मग पानं कोरी. एकच महिना लिहा, पण सगळं लिहा, मिस्टरांचा पेट्रोल-चहा-रिचार्ज धरून. एका महिन्याच्या नोंदीत तुमच्या घराचा आकार दिसतो, पुढे तो फारसा बदलत नाही.

किराणा खात्यावर असेल तर तो रोखीवर आणा, भले एक-दोन महिने ओढाताण झाली तरी. खात्यावर भाव विचारला जात नाही, पाकीट उलटून बघितलं जात नाही. रोखीनं यादी घेऊन गेलं की दोन दुकानांत भाव विचारता येतो. तेलाचं पाकीट घेताना वजन वाचायची सवय लावा. एक लिटर तेल सुमारे ९१० ग्रॅम भरतं, आणि बाजारात लिटरच्या पाकिटासारखी दिसणारी त्याहून कमी वजनाचीही पाकिटं असतात. किमतीला ग्रॅमनं भागा, मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहेच. शेवभाजी आणि भरीत करणाऱ्या घरात तेल थोडंथोडकं लागत नाही, त्यामुळे इथला फरक जाणवतो.

धान्याबाबत एक हिशेब नीट बघा. हंगामात घेतलेला गहू दिवाळीनंतरच्या गव्हापेक्षा बहुधा स्वस्त पडतो, म्हणून सगळ्या म्हणतात की भरून ठेवा. बरोबर आहे, पण पैसे स्वतःचे असतील तर. समजा दोन क्विंटल गहू ६,५०० ला घेतला आणि पुढे भाव क्विंटलमागे ३५० नं चढला, तर तुमचे ७०० वाचले. तोच गहू महिना शेकडा तीननं पैसे उचलून घेतला आणि चार महिन्यांत फेडला, तर व्याजच ७८० झालं. भरलेली कोठी बघून समाधान वाटतं, पण नफा सावकाराचा झाला. त्यामुळे पहिल्या वर्षी पैसे अर्धेच जमले तर अर्धाच गहू घ्या. आणि घेतलेला उन्हात नीट वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून, कोरड्या कोठीत ठेवा. पोरकिड्यांनी खाल्लेल्या गव्हाचा भाव कुणी धरत नाही.

महिन्याला शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के, हे एकदा भिंतीवर लिहून ठेवण्यासारखं आहे. क्रेडिट कार्डाचं "किमान रक्कम भरा" त्याहून महाग पडतं, महिन्याला साडेतीन टक्के धरले तर वर्षाचे ४२. आठवड्याच्या हप्त्याचं गटकर्ज उचलण्याआधी एकूण किती परत करायचे ते कागदावर मागा. तुमच्या स्वतःच्या बचत गटातून अंतर्गत कर्ज मिळत असेल तर आधी तिथे विचारा. त्यातलं व्याज गटातच राहतं.

वीज. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो, तेव्हा पंखे बंद ठेवा म्हणणं हा विनोद आहे. पण बिलाची रचना समजून घ्या. घरगुती बिलात पहिली १०० युनिट एका दरानं, १०१ ते ३०० युनिट त्याच्या दुपटीहून जास्त वीज आकारानं, आणि ३०० च्या पुढे आणखी चढा दर. वर वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा) आणि १६ टक्के वीज शुल्क. म्हणजे तुम्ही जे युनिट वाचवता ते नेहमी वरच्या, महाग दराचं असतं. साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, कमी विजेवर चालणारा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. दिवसाला पंधरा तास चालला तर महिन्याला वीसेक युनिट वाचतात, आणि मधल्या टप्प्यात सगळं धरून युनिट बारा रुपयांच्या वरच पडतं. सासूबाईंच्या खोलीतला, सगळ्यात जास्त चालणारा एकच पंखा आधी बदला. खान्देशात पंखा वर्षातले आठ-नऊ महिने फिरतो, त्यामुळे त्याची किंमत दीड-दोन वर्षांत वसूल होते. सगळे एकदम बदलायला हप्त्यावर घेऊ नका.

गच्चीला उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात मारला तर खालची खोली कमी तापते, खर्च फार नाही. कूलरच्या ताट्या दरवर्षी बदला. खार बसलेल्या ताटीतून पाणी नीट झिरपत नाही, मोटर मात्र तेवढीच वीज खाते. आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला मीटरचा आकडा फोनमध्ये टिपून ठेवा. पंधरा दिवसांत दीडशे ओलांडलं तर उरलेल्या पंधरा दिवसांत काय करायचं ते कळतं.

भाजीबद्दल तुम्हाला काही शिकवायची गरज नाही. आठवडी बाजारात संध्याकाळी स्वस्त मिळतं म्हणून गरजेपेक्षा जास्त मेथी आणू नका, एवढंच. वाळवणाचंही तसंच: बिबडे, कुरडया, उडदाचे पापड चार घरांनी मिळून केले तर परवडतात. एकटीनं, गॅसवर, शिलाईचे दिवस मोडून केले तर ते हौसेचे, बचतीचे नाहीत. चैत्र-वैशाखातला तुमचा एक दिवस म्हणजे दोन-तीन ब्लाउज आहेत, हे विसरू नका.

शाळेचं थोडक्यात: वरच्या वर्गातल्या मुलांची पुस्तकं एप्रिलमध्येच मागून ठेवा, जूनमध्ये ती दुसऱ्यांकडे गेलेली असतात. सासूबाईंच्या कायमच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात मिळतात का ते बघा, पण डॉक्टरांना चिठ्ठी दाखवून, स्वतःच्या मनानं बदल नको.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. बँकेतल्या दोन विमा योजना, अपघाताची वर्षाला २० रुपयांची सुरक्षा विमा आणि ४३६ रुपयांची जीवन ज्योती, दोन्हीत २ लाखांचं संरक्षण. त्यांचा हप्ता खात्यातून आपोआप मेअखेरीस कापला जातो. मेअखेर म्हणजे आखाजी आणि लग्नं उरकून खातं तळाला गेलेलं असतं. शिल्लक नसली की हप्ता कापला जात नाही, विमा बंद पडतो, आणि घरात कुणाला पत्ताही नसतो. मिस्टरांचं वय पन्नासच्या आत असेल तर जीवन ज्योती घेता येते. पंचवीस मेच्या आधी त्या खात्यात पाचशे रुपये आहेत ना, ते बघा. घेतलेला विमा चालू आहे का, तेही पासबुक भरून तपासा.

म्हणजे क्रम असा: आधी वर्षाचा कागद, मग वेगळं खातं, मग शिलाईचे पैसे तिकडे वळवणं, त्यानंतर किराण्याची उधारी मिटवणं. पंखा, तेल, ताट्या हे सगळं त्यानंतर. उलट्या क्रमानं केलंत तर तीन-चारशे रुपये वाचतील आणि जूनमध्ये पुन्हा तेच.

शेवटचं, आहेराबद्दल. तुमच्या कागदातला हाच आकडा हाताबाहेर जाणारा आहे, कारण तो तुम्ही ठरवत नाही, घरातली मोठी माणसं ठरवतात. त्यामुळे कागद एकटीनं भरू नका. सासूबाईंना विचारा, यंदा कुणाकुणाकडे लग्न आहे, आपल्याला त्यांनी काय केलं होतं, आपण काय करायचं. त्या नावं घेतील तशी लिहीत जा, समोर रक्कम लिहा, आणि बेरीज त्यांनाच वाचून दाखवा. मिस्टर त्या वेळी घरात असतील असं बघा. सहा हजारांच्या जागी अकरा निघाले तर कुठलं लुगडं कमी करायचं हे त्या स्वतः सांगतील. तुम्ही सुचवलंत तर भांडण होईल.